यादवींत पडलेला पूर्वज

कुलवृत्तांताचें जाडजूड बाड ज्या घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर असतें, अशा घरांपैकींच आमचें एक घर आहे. लग्नमुंजीच्या वेळीं गोत्रप्रवर पाहण्याकरितां तें खालीं येतें, त्यावरची धूळ झटकली जाते, आणि काम झालें कीं पुनः वर जातें. एका उन्हाळ्याच्या सुट्टींत तें सहज चाळीत असतां आमच्याच शाखेंतल्या एका नांवापुढें चार शब्द दिसले: पुण्याच्या लढाईंत कामास आले. साल दिलें होतें १८०२. त्या सालची पुण्याची लढाई म्हणजे २५ ऑक्टोबरची, ऐन दिवाळींतली, हडपसरजवळची. एका बाजूस यशवंतराव होळकर आणि दुसऱ्या बाजूस पेशवे व शिंदे यांच्या फौजा. मारणारे मराठ्यांच्या राज्यांतले आणि मरणारेहि त्याच राज्यांतले. आमचा हा पूर्वज कोणाच्या बाजूनें पडला, हें मात्र संपादकांनीं लिहिलेलें नाहीं. विस्मरण झालें म्हणावें, तर त्याच पानावर दुसऱ्या एका पूर्वजास मिळालेल्या इनाम जमिनीचा हिशेब बिघ्यापांडांसह दिलेला आहे.

घरच्या घरांत पेटलेल्या युद्धाला आपल्या भाषेनें जें नांव दिलें तें एका कुळाचें आहे. प्रभासक्षेत्रीं यादव एकमेकांवर उठले आणि सारें कुळ बुडालें, तेव्हांपासून असल्या युद्धाला आपण यादवी म्हणतों. इंग्रजींतला शब्द नागरिकांवरून आलेला आहे, आपला कुळावरून. आणि या बाबतींत आपल्या भाषेची नजर अधिक खोल गेली आहे असें आम्हांस वाटतें. परचक्रांत पडलेल्या पूर्वजाचा वंशजाला अभिमान वाटतो, आणि त्यांत फारसा विचार करण्यासारखें कांहीं नसतें. यादवींत पडलेल्या पूर्वजाचें तसें नाहीं. त्याचें नांव घेतलें कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नाला भिऊनच कुलवृत्तांतकार चार शब्दांत काम उरकीत असावेत.

हे चार शब्द मनांत घोळत असतांनाच आम्हीं हाविएर थेर्कास या स्पॅनिश कादंबरीकाराचें एक पुस्तक वाचलें. मूळ पुस्तक २०१७ सालचें. त्याच्या स्पॅनिश नांवाचा अर्थ 'छायांचा राजा' असा होतो. अॅन मॅक्लीन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २०१९ मध्यें 'लॉर्ड ऑफ ऑल द डेड' या नांवानें निघालें, आणि आमच्यासमोर आहे तें हेंच. स्पॅनिश भाषा आम्हांस येत नाहीं. तेव्हां भाषेच्या अंगानें आम्ही जें बोलूं तें भाषांतराच्या मर्यादेंत घ्यावें. परंतु या पुस्तकांत जें वादग्रस्त आहे तें भाषेच्या अंगाचें नाहीं.

मानुएल मेना हा लेखकाच्या आईचा चुलता. फालान्हे या फॅसिस्ट पक्षाचा तो पोरसवदा अनुयायी. स्पेनच्या यादवींत तो फ्रँकोच्या सैन्यांत कनिष्ठ अधिकारी झाला, आणि १९३८ च्या सप्टेंबरांत एब्रो नदीच्या लढाईंत जखमी होऊन, अवघा एकोणीस वर्षांचा असतां, बोत नांवाच्या गांवीं मेला. ज्यांना त्या काळाचा संदर्भ नसेल त्यांच्यासाठीं सांगावयाचें तें इतकेंच: १९३६ च्या जुलैंत स्पेनच्या प्रजासत्ताकाविरुद्ध कांहीं सेनापतींनीं बंड केलें, १ एप्रिल १९३९ रोजीं तें युद्ध बंडखोरांच्या विजयानें संपलें, आणि विजयी फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजीं मरेपर्यंत देशाचा हुकूमशहा राहिला. एब्रोची लढाई ही त्यांतली सर्वांत दीर्घ लढाई. १९३८ च्या २५ जुलैपासून १६ नोव्हेंबरपर्यंत चाललेली.

लेखकाची अडचण वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. पूर्वज शूर होता यांत शंका नाहीं. पण ज्या पक्षासाठीं त्यानें शौर्य गाजविलें तो पक्ष लोकांनीं निवडलेल्या सरकारावर शस्त्र धरून उठलेला होता. थेर्कास स्वतः प्रजासत्ताकाच्या बाजूचे. त्याच्याविषयीं लिहावें तर घराची लाज चव्हाट्यावर मांडल्यासारखें होतें, न लिहावें तर ती उराशीं बाळगून बसावें लागतें, अशा पेंचांत आपण वर्षानुवर्षें होतों, असें त्यांनींच मोकळेपणीं सांगितलें आहे. दरम्यान २००१ मध्यें त्यांनीं 'सालामिनाचे सैनिक' या अर्थाच्या नांवाची कादंबरी लिहिली, आणि तिनेंच त्यांचें नांव जगभर झालें. तींत फालान्हेचा एक पुढारी, लेखक राफाएल सांचेथ माथास, गोळ्या घालून मारला जात असतां निसटतो. त्याला हुडकणाऱ्या सैनिकांपैकीं एकजण त्याला पाहतो आणि पाहूनहि सोडून देतो. तो सैनिक कोण, याचा तेथें शोध आहे. म्हणजे प्रजासत्ताकाच्या अनामिक शिपायाचा शोध सोळा वर्षें आधीं, आणि स्वतःच्या घरच्या शिपायाचा नंतर. हा क्रम बोलका आहे. आपल्या माजघरांतल्या अंधारापेक्षां परक्याच्या अंगणांतला अंधार धुंडाळणें केव्हांहि सोपें असतें.

पुस्तकाचें नांव होमरच्या 'ओडिसी'वरून सुचलेलें आहे. पाताळांत उतरलेल्या ओडिसियसला तेथें अकिलीझ भेटतो. मृतांमध्यें तो राजासारखा आहे. तरी तो म्हणतो कीं, या राज्यापेक्षां पृथ्वीवर एखाद्या दरिद्री माणसाच्या घरीं राबणें मीं पत्करलें असतें. 'इलियड'मधला अकिलीझ याच्या अगदीं उलट, अल्प आयुष्य आणि अमर कीर्ति पसंत करणारा. लेखकाच्या आईच्या लेखीं मानुएल मेना हा 'इलियड'मधला अकिलीझ आहे. लेखकाला त्याच्यांत 'ओडिसी'मधला अकिलीझ शोधावयाचा आहे. आमचा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेला, त्यामुळें हा भाग आम्हांस आवडणें साहजिकच होतें, आणि पहिल्या वाचनीं तो आवडलाहि. दुसऱ्या वाचनीं खटकूं लागला. महाकाव्यांतल्या वीराचें माप एकदां हातीं घेतलें कीं कोवळ्या पोराच्या मरणाला डौल येतो, आणि डौल आला कीं त्याची टोंचणी बोथट होते. ज्याला ना धड जगाची ओळख, ना राजकारणाची, अशा पोराला अकिलीझ म्हटल्यानें तो मोठा होत नाहीं, लहानहि होत नाहीं. तो फक्त आपल्यापासून लांब जातो.

याच्या उलट, लेखक जेथें आपल्या गांवाकडे वळतो तेथें पुस्तक एकदम भरीव होतें. इबाएर्नान्दो हें एक्स्त्रेमादुरा या पश्चिमेकडच्या, पोर्तुगालला लागून असलेल्या भागांतलें खेडें. लेखक १९६२ मध्यें तेथें जन्मला आणि लहानपणींच आईबापांबरोबर देशाच्या दुसऱ्या टोंकाला, कातालोनियांतल्या हिरोना शहरीं गेला. त्या खेड्याच्या आसपासच्या जमिनींचे मोठे मालक दूर शहरांत राहणारे सरदार. गांवांत राहत ते दोन प्रकारचे लोक: कांहींना थोडीफार जमीन कसावयाला मिळालेली होती, उरलेल्यांना तीहि नव्हती. खरें पाहतां दोघेहि दरिद्रीच. परंतु पहिल्यांना हळूहळू असें वाटूं लागलें कीं आपण गांवचे प्रतिष्ठित, आपलें हित सरदारांच्या हितांत आहे आणि आपला शत्रु म्हणजे तो शेजारचा भूमिहीन मजूर. प्रजासत्ताकाच्या काळांत मजुरांनीं डोकें वर काढलें तेव्हां हे लोक घाबरले, आणि युद्ध पेटतांच बंडखोरांच्या मागें उभे राहिले. लेखकाचें घर याच वर्गांतलें. आपल्या आजोबापणजोबांनीं दुष्टपणानें नव्हे, तर स्वतःविषयींच्या गैरसमजानें चुकीची बाजू धरली, असा त्याचा निष्कर्ष आहे. आणि तो आवाज न चढवितां मांडलेला असल्यामुळें अधिकच झोंबतो.

खोताची जमीन कसणारें कूळ आणि त्या कुळाकडे राबणारा गडी यांच्यांतला ताठा ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल, त्यांना हीं प्रकरणें वाचतांना एक्स्त्रेमादुरा फार लांब वाटणार नाहीं. मराठींत कूळ हा शब्द वंशालाहि लागतो आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाहि. थेर्कास यांना मराठी येत असतें तर होमरकडे जाण्याची गरज पडली नसती.

१९३६ च्या जुलैंत हा भाग लवकरच बंडखोरांच्या हातीं गेला. आघाडी गांवापासून लांब होती; गांवांत लढाई म्हणून झालीच नाहीं. तरीहि माणसें मारलीं गेलीं, आणि त्यांना मारणारे त्यांना नांवानें ओळखत होते. यादवीचें हें रूप रणांगणावरच्या रूपाहून भयंकर, कारण तेथें गणवेष नाहीं, तोफ नाहीं. रात्रीं दार ठोठावणारा ओळखीचा आवाज आहे. लेखक हें लपवीत नाहीं. ज्याचा बाप त्या वेळीं मारला गेला अशा गांवांतल्या एका वृद्धाला तो भेटावयास जातो, तें प्रकरण या पुस्तकांतलें सर्वोत्तम होय. म्हातारा फार बोलत नाहीं. मारेकऱ्यांच्या बाजूच्या घरांतला एक मुलगा, आतां पन्नाशी उलटलेला, त्याच्यासमोर बसून एका जुन्या हत्येविषयीं विचारूं पाहतो, आणि दोघांमध्यें जी शांतता पसरते तींत सबंध देशाची चाळीस वर्षांची मुकेपणाची सवय ऐकूं येते.

आतां या पुस्तकाच्या पद्धतीविषयीं. त्यांत एकाआड एक दोन प्रकारचीं प्रकरणें आहेत. एका प्रकारांत लेखक 'मी' म्हणून बोलतो. तो माणसांना भेटतो, गांवें हिंडतो, लिहावें कीं लिहूं नये याची उलघाल सांगतो. दुसऱ्या प्रकारांत इतिहासकाराची कोरडी भाषा आहे, आणि तेथें लेखक स्वतःचाहि उल्लेख तृतीय पुरुषीं करतो. या कोरड्या प्रकरणांत एक पालुपद वारंवार येतें. मानुएल मेना मरणाच्या आधीं काय विचार करीत होता, त्याला भय वाटलें कीं नाहीं, हें एखादा साहित्यिक कल्पनेनें रंगवूं शकेल. पण आपण येथें साहित्यिक नाहीं, आपल्याला पुराव्यापलीकडे जातां येत नाहीं, असें तें पालुपद. पहिल्या वेळीं हें वाचून लेखकाविषयीं आदर वाटतो. पांचव्या वेळीं मनुष्य सावध होतो. कारण जें रंगवावयाचें नाहीं असें तो म्हणतो त्याची यादीच तो आपल्यापुढें ठेवतो, आणि नाहीं नाहीं म्हणत वाचकाच्या मनांत तें सर्व चित्र उभें करून मोकळा होतो. कीर्तनकार बुवा 'त्या माउलीचें दुःख काय वर्णावें' असें म्हणून अर्धा घटका तेंच वर्णितात, त्यांतला हा प्रकार. यांत फसवणूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ही साहित्यिकाचीच युक्ति आहे, आणि तिला इतिहासकाराचा संयम म्हणून घेतां येणार नाहीं.

ही तक्रार कोणी किरकोळ म्हणेल. पुढची तशी नाहीं.

पुस्तकाच्या उत्तरार्धांत एक साक्ष येते. कुटुंबांतल्या एका वृद्धाला, जो त्या वेळीं लहान मुलगा होता, आठवतें कीं शेवटीं शेवटीं मानुएल मेना युद्धाला विटला होता. पूर्वींचा आवेश उरला नव्हता. परत जावयाचें ते केवळ जाणें भाग म्हणून. पुस्तकाचा सारा तोल या साक्षीवर येऊन टेकतो. तोंवर जो पूर्वज चुकीच्या बाजूचा उत्साही शिपाई होता, तो येथून पुढें फसलेला, जागा झालेला आणि तरीहि मरणाकडे चाललेला करुण तरुण होतो. लेखकाचा ऊर भरून येतो, वाचकाचाहि येतो. आणि नेमकें येथेंच आम्हांस थांबावेंसें वाटतें. पाऊणशें वर्षांनंतरची, एका मुलाच्या कानावर पडलेल्या बोलण्याची, पुतण्याभाच्यांच्या प्रेमांतून गाळून आलेली ही एकुलती एक आठवण. आपला पूर्वज लुटारू होता असें सांगणारी आठवण याच बळावर उभी असती, तर ती याच लेखकानें दहा कसोट्यांना लावली असती. जी साक्ष आपल्याला सुटका देते तिची उलटतपासणी आपण सैलपणें करतों. हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यासाठीं कोणाला दोष देतां येत नाहीं. पण पुराव्यापलीकडे जाणार नाहीं अशी शपथ ज्यानें वीस वेळां घेतली, त्यानें तरी ही गांठ उघड करून दाखवावयास पाहिजे होती. मानुएल मेना युद्धाला विटलाहि असेल. नसेलहि. तो न विटतां मेला असता तर लेखक त्याच्यावर प्रेम करूं शकला असता कीं नाहीं, हा खरा प्रश्न; आणि साक्ष वेळेवर मिळाल्यामुळें लेखकाला त्याचें उत्तर द्यावें लागलें नाहीं.

याहून मोठी गोष्ट कागदांची आहे. थेर्कास यांनीं कष्ट पुष्कळ घेतले. लष्करी दफ्तरें पाहिलीं, युद्धभूमि पायांखालीं घातली, तुकडीच्या हालचालींच्या तारखा जुळविल्या, चुकीच्या नोंदी दुरुस्त केल्या. हें सर्व शक्य झालें, कारण मानुएल मेना जिंकणाऱ्या बाजूचा होता. त्याची नोंद ठेवली गेली. तो रुग्णालयांत मेला. त्याचें प्रेत गांवीं आणलें गेलें, त्याला रीतसर मूठमाती मिळाली, आणि गांवांतल्या एका रस्त्याला त्याचें नांव दिलें गेलें. युद्धानंतर स्पेनमधल्या गांवोगांवच्या चर्चच्या भिंतींवर देवासाठीं आणि देशासाठीं पडलेल्यांच्या याद्या कोरल्या गेल्या. त्या याद्यांत एकाच बाजूचीं नांवें आहेत.

दुसऱ्या बाजूच्या पूर्वजाचा शोध कसा असतो हें पाहावयाचें असेल तर एमिलिओ सिल्वा या पत्रकाराचें उदाहरण घ्यावें. त्यांचे आजोबा, एक दुकानदार, १९३६ च्या ऑक्टोबरांत उत्तरेकडच्या लेओन प्रांतांत फालान्हेच्या लोकांनीं इतर बाराजणांसह मारले आणि रस्त्याकडेच्या चरांत पुरले. हे लढाईंत पडलेले नव्हेत. परंतु यादवींत मेलेल्यांपैकीं हजारोंना रणांगण दिसलेंच नाहीं. ना खटला, ना नोंद, ना थडगें. सिल्वा यांनीं २००० सालीं प्रियारान्सा या गांवाजवळ, जुन्या माणसांनीं दाखविलेल्या जागेवर, पुराणवस्तुशास्त्रज्ञांकडून खोदकाम करविलें. हाडें सांपडलीं. २००३ मध्यें नातेवाइकांच्या रक्ताशीं त्यांचा आनुवंशिक मेळ घालून आजोबांची ओळख पटली. त्या खोदकामांतूनच बेपत्ता पूर्वजांचा शोध घेणारी देशव्यापी संस्था निघाली. २००८ मध्यें न्यायाधीश बाल्तासार गार्थोन यांच्यापुढें आलेल्या यादीप्रमाणें अशा बेपत्ता माणसांची संख्या १,१४,००० हून अधिक होती. माद्रिदजवळच्या डोंगरांत फ्रँकोनें १९५९ मध्यें जें प्रचंड स्मारक उघडलें, त्याच्या तळघरांत ३३,००० हून अधिक माणसांचे अवशेष ठेवलेले आहेत, आणि त्यांत प्रजासत्ताकाच्या बाजूचे अनेक मृत त्यांच्या घरच्यांना न विचारतां नेऊन घातलेले आहेत. तेथें शोध घेणाऱ्या वंशजाच्या हातांत कागद नसतो. फावडें असतें, आणि तेंहि न्यायालयाची परवानगी मिळेल तेव्हां.

म्हणून पुराव्यापलीकडे जावयाचें नाहीं हा नियम दिसतो तितका निःपक्षपाती नाहीं. परचक्राच्या इतिहासांत तो चालेल. यादवींत जो जिंकतो तोच दफ्तर राखतो, आणि मग त्याच दफ्तराच्या आधारें मागाहून लिहिलेला प्रामाणिक ग्रंथसुद्धां नकळत त्याच्या बाजूला झुकतो. मानुएल मेनाच्या मरणाचें गांव, घर आणि दिवस आपल्याला कळतो. त्याच्याच गांवांत मारल्या गेलेल्या माणसांच्या वांट्याला जीं पानें येतात तीं त्या मानानें थोडीं आहेत, आणि त्यांतला मजकूर बहुतेक ऐकीव आहे. लेखकाला हें कळत नाहीं असें नाहीं. त्यानें तें एकदां स्पष्टपणें कबूल करून, कागद जेथें संपतात तेथें ऐकीवाला थोडें अधिक आसन दिलें असतें, तर आमची तक्रार उरली नसती. एका वृद्ध नातेवाइकाची आठवण जर मानुएल मेनाला तारण्यास पुरते, तर एका वृद्ध शेजाऱ्याची आठवण त्याच्या बापाची कथा सविस्तर सांगावयाला कां पुरूं नये?

मानुएल मेनाची तुकडी इफ्नीच्या बंदूकवाल्यांची होती. इफ्नी हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, मोरोक्कोलगतचा मुलूख. तो १९३४ पासून १९६९ पर्यंत स्पेनच्या ताब्यांत होता. अधिकारी स्पॅनिश आणि शिपाई बहुतेक तिकडचे. स्पॅनिश लोकांच्या घरच्या भांडणांत हे परमुलखांतले गरीब लोक मारावयाला आणि मरावयाला आणले गेले. पुस्तकांत ते मागच्या रांगेंत उभे आहेत. दुसऱ्यांच्या लढायांत आपले शिपाई जगभर खर्ची पडलेले ज्या देशानें पाहिले, त्या देशांतल्या वाचकाची नजर त्या मागच्या रांगेकडे गेल्यावांचून राहत नाहीं.

आणि महाराष्ट्राचा एक धागा तर थेट त्या नदीकांठीं जाऊन पोहोंचतो. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे १९३७ मध्यें लंडनहून स्पेनला गेले, जॉन स्मिथ या नांवानें इंटरनॅशनल ब्रिगेडमध्यें दाखल झाले, आणि १९३८ च्या एप्रिलमध्यें गंदेसाजवळ फ्रँकोच्या सैन्याच्या हातीं सांपडले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या येथील मठांत कैद्यांचा तळ होता. तेथें ते बंदिवान होते, आणि त्याच वर्षीं सुटून पुढें मायदेशीं परतले. गंदेसा आणि बोत हीं शेजारचीं गांवें. ज्या टापूंत सप्टेंबरांत मानुएल मेना पडला, त्याच टापूंत पांच महिने आधीं आमचा एक नागपूरकर त्याच्या विरुद्ध बाजूनें उभा होता. हुद्दार जिवंत परत आले म्हणून त्यांची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. ते तेथेंच पडले असते, तर त्यांच्या कुळांतल्या एखाद्यानें मागाहून ब्रिगेडची यादी उघडली असती आणि तींत हुद्दार हें नांव कोठेंहि सांपडलें नसतें. सांपडला असता तो कोणी जॉन स्मिथ. पूर्वजाचा शोध नांवावरून घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुस्तकाच्या शेवटीं लेखक आपल्या वृद्ध आईला घेऊन बोतला जातो. ज्या मोठ्या घरांत तेव्हां लष्करी रुग्णालय होतें तें घर अजून उभें आहे. चुलता जेथें गेला तेथें ती म्हातारी पुतणी उभी राहते. येथवरचें सर्व आम्हांस अत्यंत हृद्य वाटलें. पुस्तकांतल्या सगळ्या पांडित्यानें जें साधलें नाहीं तें त्या बाईच्या नुसत्या उभें राहण्यानें साधतें. महाभारतांत युद्ध संपल्यावर गंगेच्या कांठीं मृतांना उदक देण्याची वेळ येते, आणि तेव्हां कुंती युधिष्ठिराला सांगते कीं कर्णालाहि दे, तो तुमचाच वडील भाऊ होता. यादवींत पडलेल्याचा कुलशोध म्हणतात तो याहून निराळा नाहीं. आणि व्यासांची थोरवी ही कीं, कर्ण आंतून पांडवांकडचा होता, शेवटीं तो दुर्योधनाला विटला होता, असा कांहीं दाखला शोधून मग ते त्याला उदक देववीत नाहींत. तो शेवटपर्यंत दुर्योधनाचाच होता. तसाच त्याला उदकाचा अधिकार आहे. युधिष्ठिराला त्या ज्ञानानें शांति मिळत नाहीं. उलट तो आईवरच संतापतो.

थेर्कास मात्र त्या घरांत शांति मिळवितात. मेलेले पुरते मरत नाहींत, जिवंतांच्या ठायीं ते रूपांतरानें राहतात, अशा आशयाचें एक लांबलचक चिंतन तेथें येतें. लिहिलें आहे तें सुंदर. पण तें कोणत्याहि मृताविषयीं लिहितां आलें असतें. एब्रोच्या कांठीं फ्रँकोच्या बाजूनें मेलेल्या, एकोणीस वर्षांच्या, इबाएर्नान्दोच्या एका विशिष्ट मुलाविषयीं लिहितांना तीनशें पानें ज्यानें तपशील सोडला नाहीं, त्यानें शेवटच्या पानांवर तो सोडून द्यावा याचें आम्हांस वाईट वाटलें.

इतकें लिहूनहि हें पुस्तक आमच्या वाचकांनीं मिळवून वाचावें असेंच आम्ही म्हणूं. ज्यांना सवड थोडी असेल त्यांनीं निदान गांवाचीं आणि त्या म्हाताऱ्याच्या भेटीचें प्रकरण वाचावें. मराठींत तें कोणी उतरविणार असेल तर त्यानें इंग्रजीवरून न उतरवितां मूळ स्पॅनिशवरून उतरवावें, आणि माणसांचीं व गांवांचीं नांवें तिकडच्या उच्चाराप्रमाणें लिहावीं. आम्हीं तीं येथें जमतील तशीं लिहिलीं आहेत. पुण्याच्या लढाईंत पडलेल्या आमच्या पूर्वजाबद्दल कुलवृत्तांताच्या मंडळाकडे विचारणा केली आहे. ती ओळ कोणत्या कागदावरून घेतली, एवढेंच सध्यां विचारलें आहे.